‘लय हाल काढले’ याच्या पुढे आजोबांना बोलते कसे करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा 84 वर्षांचे आहेत, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका वाडीत अत्यंत गरिबीत वाढले, पुढे एसटीत वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. आपले आयुष्य कुठेतरी लिहून राहावे असे त्यांनाही वाटते. पण तुम्ही वही घेऊन बसलात की ‘लय हाल काढले बाबा, तुमाला सांगून कळायचं न्हाई’ एवढे बोलून गप्प होतात. तर काय विचारायचे आणि उतरवायचे कसे?

घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपायचे काम मी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘तुमचं लहानपण कसं होतं?’ असे विचारले की ‘हालाचं’ हेच उत्तर येणार. प्रश्नच तसा आहे, त्यात आजोबांचे काही चुकत नाही. गरिबी मापांनी विचारावी लागते. घरात खाणारी तोंडे किती होती? दिवसाला दळण किती शेरांचे? जाते घरचे की शेजारचे? धान्याची कणगी कोणत्या महिन्यात तळाला जायची? या प्रश्नांना उत्तरे असतात, आणि एकेक उत्तर पुढचे चार प्रश्न घेऊन येते.

भाकरीचेच बघा. समजा आजोबा म्हणाले, ‘आठ माणसं, रोजचं दोन शेर दळण.’ मापी शेरात जोंधळा साधारण किलोच्या आतबाहेर भरतो. म्हणजे दोन शेरांचे पावणेदोन-दोन किलो पीठ. गावाकडच्या थोराड भाकरीला दीडशे ग्रॅम धरा, बारा भाकरी झाल्या. औत हाकणाऱ्याला दिवसाच्या तीन द्यायलाच लागतात. उरल्या नऊ, आणि खाणारी सात. आता विचारा, ‘मग शेवटी कोण जेवायचं?’ हा हिशेब त्यांच्यासमोर, मोठ्याने करा. चुकलात तर ते लगेच दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करताना माणूस जितके बोलतो तितके प्रश्नाला उत्तर देताना बोलत नाही.

मापे मात्र त्यांच्याच गावची धरा. पायली हे माप आहे, वजन नव्हे. चार शेरांची पायली, दोन शेरांची अडशेरी, अर्धा शेर म्हणजे मापटे, पाव शेर म्हणजे चिपटे, त्याच्या निम्मे कोळवे, त्याच्या निम्मे निळवे. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर सगळे आकडे पाव हिश्शाने चुकतील. वजनाचा मण वेगळा: 80 तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम, असे 40 शेर, म्हणजे 37 किलोच्या थोडे वर. किलो गावात यायला 1958 ते 1962 एवढा काळ गेला. त्यामुळे त्यांच्या लहानपणीच्या गोष्टीत किलो आला की समजा, ते तुमच्यासाठी मनातल्या मनात भाषांतर करताहेत. ‘तेव्हा काय म्हणायचा?’ असे हळूच विचारा.

भुकेबद्दल सरळ विचारू नका. ‘तुम्ही उपाशी झोपायचा का?’ याला बहुतेक पुरुष ‘तसं काय न्हाई’ म्हणतात. लाज असते, आणि आईबापाला कमीपणा येऊ नये हीही इच्छा असते. त्यापेक्षा ‘बाजरी हाती येईपर्यंत आषाढ-श्रावणात गावात लोक काय खायचे?’ असे विचारा. मग हुलग्याचे माडगे येते, कण्या येतात, तांदुळजा, पाथरी, घोळ अशा रानभाज्या येतात, आणि दिढीने आणलेले धान्य येते: एक पायली नेली की सुगीला दीड पायली परत. कोणाकडून आणायचे, मापून कोण घ्यायचे, परत करताना माप शिगेचे (वर रास येईपर्यंत भरलेले) की सपाट? या शेवटच्या प्रश्नावर अर्धा तास सहज जातो.

मजुरी आणि भाव यांत सर्वांत जास्त घोळ होतो. म्हातारी माणसे दशके एकमेकांवर रचतात. सोन्याचा भाव पन्नास सालचा, मजुरी बहात्तरची, आणि दोन्ही ‘तवा’. म्हणून रुपयाच्या भानगडीत न पडता प्रमाण विचारा: एका दिवसाच्या रोजात जोंधळा किती यायचा? धोतरजोडीला किती दिवस राबावे लागायचे? ही प्रमाणे डोक्यात पक्की बसलेली असतात. आण्यांचा हिशेब आलाच तर 16 आण्यांचा रुपया, 4 पैशांचा आणा, 3 पैंचा पैसा. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. मात्र ‘चार आणे’ हा शब्द आला म्हणून गोष्ट 1957 च्या आधीची ठरत नाही. 25 पैशांचे नाणे 30 जून 2011 ला बंद होईपर्यंत लोक त्याला चार आणेच म्हणत होते. ‘ढब्बू’ (जुना जाड तांब्याचा पैसा), ‘भोकाचा पैसा’ हे शब्द जास्त उपयोगी. भोकाचा पैसा 1943 ते 1947 या वर्षांत पाडला गेला.

आता सालांचे. हा भाग किचकट आहे आणि बहुतेक घरगुती आत्मकथने इथेच कोसळतात.

आधी जन्मतारीख. आजोबांच्या सेवापुस्तकात 1 जून असेल तर ती खरी धरू नका. शाळेत नाव घालताना गुरुजी डोक्यावरून हात टाकून पलीकडचा कान धरायला सांगत. हात पोचला की सहा वर्षे पूर्ण, आणि तारीख 1 जून. हात लांब असलेले पोर वर्षभर मोठे ठरे, आखूड हाताचे लहान. खरा दिवस शोधायचा तर घरातल्या तोंडी खुणेवरून. ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी’, ‘बेंदराला’, ‘धोंड्याच्या महिन्यात’ असे काहीतरी कोणीतरी सांगितलेले असते. धोंड्याचा महिना फार कामाचा. तो 32-33 महिन्यांनी येतो, आणि तोच अधिक महिना बहुधा 19 वर्षांनी परत येतो: अधिक श्रावण 1966, 1985, 2004 आणि 2023 ला होता. लग्नानंतरचा पहिला धोंडा जावयाला चांगला लक्षात असतो. जुने पंचांग काढून तिथीची तारीख करता येते.

मग ठोकळ खुणा लावा. त्या भागातल्या आणि त्या वयाच्या माणसासाठी मी या वापरतो. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली आणि पाठोपाठ सातारा-सांगली-कोल्हापूर भागात जाळपोळ. हा विषय गावात अजून नाजूक आहे, कोणाचे घर कोणी जाळले हे खोदू नका; त्यांनी काय पाहिले तेवढेच. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा गेले आणि 9 मे 1959 ला कर्मवीर भाऊराव पाटील. गाडगेबाबांचे कीर्तन ऐकले किंवा कर्मवीरांना पाहिले असेल तर ती आठवण त्याआधीचीच. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप. त्या पहाटे कुठे झोपला होतात, हे सातारा जिल्ह्यातला त्या वेळचा प्रत्येक जाणता माणूस सांगू शकतो. 16 फेब्रुवारी 1980 चे सूर्यग्रहण, लोक दारे लावून घरात बसले होते.

आजोबा कोणत्या समाजाचे हे तुम्ही लिहिलेले नाही. दलित कुटुंब असेल तर 14 ऑक्टोबर 1956 चे नागपूरचे धर्मांतर आणि त्याच वर्षीचा 6 डिसेंबर या दोन तारखांनी आयुष्याचे दोन भाग पडतात. देव कधी काढले, बलुत्याची कामे कधी सोडली, हे त्याला जोडून विचारा. आणि समाज कोणताही असो, पाणी कोणत्या विहिरीचे होते आणि ते कोण शेंदायचे, हा प्रश्न टाळू नका.

या खुणांना वर्ष न विचारता अवस्था विचारायची. ‘भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का? थोरली झाली होती का? कोणत्या डेपोला होता?’ दोन-तीन खुणांच्या मध्ये घटना अडकवली की साल आपोआप निघते.

‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणताना सावध राहा. माणदेशात पावसाने आधीच दगा द्यायला सुरुवात केली होती आणि सर्वांत कठीण काळ 1973 च्या उन्हाळ्यातला. लोक या सगळ्याला मिळून बहात्तर म्हणतात. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव अशी दुष्काळी कामे, तिथे मिळणारी सुकडी (कोरडे पौष्टिक खाणे), लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी ही या काळाची ओळख. आजोबा तेव्हा तिशीचे आणि बहुधा नोकरीत असतील. मग प्रश्न बदलतो: पगारातून गावाला किती पाठवायचा, आणि दुष्काळी कामावर कोण जायचे, भाऊ की वहिनी? शिवाय 1952 चाही दुष्काळ आहे, तो त्यांनी पोरवयात पाहिला. दोन्हींची सरमिसळ हमखास होते. मिलो आणि सुकडी आली तर बहात्तर. नुसती जनावरे विकली, गाव सोडले एवढेच आले तर कोणता ते विचारून घ्या.

कागद दोन-तीनच मिळवा, पण मिळवा. पहिला, प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, म्हणजे दाखल-खारीज नोंद. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, त्याआधीच्या या शाळा लोकल बोर्डाच्या. रजिस्टर बहुतेक वेळा त्याच शाळेच्या कपाटात असते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. आडनावाने शोधू नका, कारण जुन्या नोंदीत मुलाचे नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते. अंदाजे दाखल साल घ्या आणि पुढेमागे तीन-तीन वर्षे पाने बघा. उजवीकडच्या ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यावर बोट ठेवा. तिथे ‘सतत गैरहजर’ असे दोन शब्द असतील. तो उतारा आजोबांच्या हातात द्या आणि विचारा, ‘गैरहजर होता तेव्हा कुठे होता?’ गुरे कोणाची, किती, वर्षाला काय मिळायचे, ही सगळी गोष्ट त्या रकान्याच्या मागे आहे.

दुसरा, पणजोबांच्या नावाचा जुना सातबारा आणि फेरफार (जमिनीवरची नावे बदलल्याची नोंद). बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत, नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात. वारसाच्या फेरफारात पणजोबा गेल्याची तारीख आणि सगळ्या मुलांची नावे मिळतात. कधीकधी ज्याचे घरात कोणी नावही घेत नाही असा एक भाऊ सापडतो. सातबाराच्या इतर अधिकाराच्या रकान्यात तगाई (सरकारी शेतीकर्ज) आणि सोसायटीचा बोजा दिसतो. जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना 14 मध्ये किंवा कोतवाल बुकात. 2023 पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने ही दफ्तरे राज्यभर उघडली गेली, त्यामुळे आता कर्मचाऱ्यांना तुम्ही काय मागताय ते लगेच कळते. जुन्या नोंदी मोडीत निघाल्या तर वाचणारा गाठावा लागेल. कागदावर ‘उत्तर सातारा’ किंवा ‘दक्षिण सातारा’ दिसले तर गोंधळू नका, 1949 नंतर काही वर्षे जिल्हा असा विभागलेला होता. दक्षिण साताऱ्याचे सांगली हे नाव नोव्हेंबर 1960 चे. (मराठवाड्यातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे जुने कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामी महसुली वर्ष. फसलीत 590 मिळवा, आणि जानेवारी उलटल्यानंतरची नोंद असेल तर 591.)

तिसरा, नोकरीचे सेवापुस्तक. पहिल्या पानावर उंची आणि ओळखीची खूण असते. ‘डाव्या भुवईवर व्रण’ असे काही लिहिलेले असेल तर तो व्रण कशाचा, एवढे विचारायला विसरू नका.

वाहकाची स्मरणशक्ती वेगळ्या तऱ्हेची असते, तिचा फायदा घ्या. टप्पे आणि थांबे ओळीने पाठ असतात. कोणतीही एक मुक्कामी गाडी घ्या आणि डेपोतून निघाल्यापासून एकेक थांबा म्हणायला सांगा. तिकिटांचा ट्रे, पंच, वेबिल (फेरीच्या तिकिटांचा हिशेब-कागद), मधेच चढलेला चेकर, मुक्कामाच्या गावात झोपायचे कुठे आणि जेवण कोणाकडे, हे सगळे त्या थांब्यांना लटकलेले असते. बालपणीच्या घरासाठी हीच युक्ती जागेवर वापरा. मोठा कागद आणि जाड पेन द्या. ‘उंबऱ्यातून आत आलो, डाव्या हाताला काय?’ चूल, जाते, उखळ, कणगी, गोठा, आणि शेवटी कोण कुठे झोपायचे. चित्र वाकडे येऊ द्या, तुम्ही काढून देऊ नका.

ध्वनिमुद्रणाला फोन पुरतो. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर, स्टुलावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाची ठकठक येत नाही. विमान मोडवर टाका. पंखा बंद, निदान एकवर. स्वयंपाकघराशेजारची खोली नको, कुकरची शिटी नेमकी नको तिथे होते. कवळी असेल तर घातलेली असू दे. ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला, पण तोंड दिसेल असे बसा. ओरडू नका, आवाज खाली आणि सावकाश ठेवा. वेळ सकाळच्या चहानंतरची, 40-45 मिनिटे, फार तर तासभर. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि कोण बोलतेय हे मोठ्याने म्हणा. तासाची फाइल साधारण 60 एमबीपर्यंत होते, जागेची काळजी नको, पण त्याच दिवशी दुसरीकडे एक प्रत टाका आणि एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा.

खोलीत तुम्ही आणि ते, तिसरे कोणी नको. ‘अहो, ते तसं नव्हतं’ म्हणणारे काका सर्वांत घातक. त्यांना वेगळे बसवा, त्यांचे वेगळे मुद्रण करा, दोन्हींत फरक असेल तर दोन्ही लिहा. आणखी एक अडचण म्हणजे घासून गुळगुळीत झालेली गोष्ट, जी प्रत्येक लग्नात सांगितली जाते. ती एकदा पूर्ण होऊ द्या, मग तिच्या कडेने विचारा: पायात काय होते, हातात काय होते, बरोबर कोण होते, परत येताना अंधार होता का?

काही ठिकाणी ते थांबतील. दगावलेले मूल, पहिली बायको, कर्ज, भाऊबंदकी. यंत्र त्यांच्यासमोर बंद करा, आणि बंद केले हे दाखवा. नंतर पुन्हा चालू करायचे का ते त्यांनी ठरवायचे. भाऊबंदकीचे जे बोलतील ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, जमिनीचे दावे अजून चालू असू शकतात.

आजी असतील तर त्यांचे स्वतंत्र करा आणि आधी करा, कारण ‘माझं काय, त्यांचंच लिहा’ म्हणत ते राहूनच जाते. त्यांना साल विचारून उपयोग नाही, बाळंतपणे आणि सण विचारा. आणि जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या अशाच बायांच्या तोंडून. नुसते ‘म्हणा’ म्हटले तर आठवत नाहीत. हाताला खुंटा लागला की आठवतात, म्हणून जुने जाते कुठे असेल तर तिथे घेऊन जा.

उतरवून काढायला तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास धरा. फोनचे मराठी व्हॉइस टायपिंग पुस्तकी बोलण्याला बरे, माणदेशी बोलीला नाही; ‘गेल्तो’चे काहीही करून ठेवते. ‘आमी गेल्तो’ हे ‘आम्ही गेलो होतो’ करू नका. पुनरुक्ती काढा, ‘म्हंजी बघ’ चारदा असेल तर एकदा ठेवा, शब्द मात्र त्यांचेच. दहा ते तीस वयातल्या आठवणी सर्वांत दाट असतात, त्यामुळे पुस्तक तिकडे फुगेल आणि निवृत्तीनंतरची पंचवीसेक वर्षे तीन पानांत संपतील. संपू द्या.

पहिला मसुदा 18 च्या टाइपात, पानाच्या एकाच बाजूला, उजवीकडे चार बोटे जागा सोडून छापा आणि त्यांना वाचून दाखवा. ते खोडतील ते खोडायचे, कारण विचारायचे नाही. जुने फोटोही तेव्हाच समोर ठेवा. नावे फोटोच्या मागे, कडेला, शिसपेन्सिलीने हलकेच लिहा. बॉलपेनची खूण पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटते.